बोलण्याआधीचा स्पीच थेरपिस्ट : कधी गाठायचा, किती पैसे मोजायचे

“अहो, पोर बावीस दिवसांचं. अजून धड रडत नाही, आणि हे म्हणे स्पीच थेरपी!” मावसबहिणीच्या सासूबाईंनी डिस्चार्ज कार्ड डोळ्यांपासून लांब धरून वाचलं आणि परत फाइलीत सारून दिलं. बाळ ३३ आठवड्यांचं जन्मलेलं. काचेच्या पेटीत राहून, नळीने दूध पिऊन घरी आलेलं. डॉक्टरांनी शेवटच्या ओळीत ‘स्पीच थेरपिस्टना दाखवणे’ असं लिहिलं होतं. ती ओळ पुढचे दोन आठवडे कुणी मनावर घेतली नाही.

त्या दोन आठवड्यांत घरात काय काय आलं याचा हिशेब मी नंतर मुद्दाम मांडला. तीन वेगवेगळ्या बाटल्या आणि त्यांची निपलं, दूध वाढवायची शतावरीची पावडर, पोटदुखीचे थेंब, पावडरच्या दुधाचे दोन डबे. सगळं मिळून साडेचार हजारांच्या आसपास. (डबाबंद दूध आणि बाटल्यांची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तरी मेडिकलवाल्याचा प्रेमळ सल्ला मिळतोच.) चौदा दिवसांत बाळाचं वजन वाढलं ११० ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत रोजचे २० ते ३० ग्रॅम धरले तर निदान २८० व्हायला हवे होते.

मग थेरपिस्टकडे गेलो. पहिल्या भेटीचे १,२०० रुपये, पुढच्या तीन भेटींचे प्रत्येकी ७००, एक स्टीलची पलाडी १२० ला. एकूण ३,४२०. म्हणजे बाटल्या आणि डब्यांवर उधळलं त्याहून कमी.

पहिल्या भेटीत तिने बाळाला हातसुद्धा लावला नाही. स्टूल ओढून बहिणीच्या समोर बसली आणि म्हणाली, “तुम्ही पाजा, मी बघते.” पंधरा-वीस मिनिटं ती फक्त बघत होती. बाळाच्या नाकपुड्या, हनुवटी, गळ्याची हालचाल. अधूनमधून स्वतःशीच मोजत होती. मग म्हणाली, “हा दमतोय. चोखतो पाच-सहा वेळा, पण श्वास घ्यायला थांबायचं त्याला कळत नाही. दूध येतच राहतं, मग ठसका लागतो, आणि घाबरून झोपून जातो.” तिने बहिणीचा हात धरून दाखवलं. स्तनाला खालून आधार द्यायचा, अंगठा बाळाच्या एका गालाला, तर्जनी दुसऱ्या गालाला आणि हनुवटी मधल्या बेचक्यात. पान्हा जोरात येतो म्हणून आधी थोडं दूध वाटीत काढायचं आणि मग बाळाला लावायचं. उरलेलं पलाडीने, ओठाच्या कडेवर, एकेक घोट. बाळ थांबलं की आपणही थांबायचं. पलाडी म्हणजे आपल्या आज्यांचं बोंडलंच की, हे कळल्यावर सासूबाईंचा सूर एकदम बदलला.

दूध पाजण्यात स्पीच थेरपिस्टचं काय काम, याचं उत्तर एवढंच. आपण ज्या जिभेने, ओठांनी, टाळूने बोलतो, त्यांचं पहिलं काम चोखणं आणि गिळणं. चोखणं, गिळणं आणि श्वास या तिन्हींचा ताल साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला तो बाहेर येऊन शिकावा लागतो. प्रत्येक घोटाला श्वास क्षणभर थांबतो. हा थांबा चुकला की दूध श्वासनलिकेकडे जातं. गिळण्याच्या अडचणी तपासणं आणि त्यावर उपचार करणं हा या व्यवसायाच्या शिक्षणाचाच भाग आहे. पाटीवर मात्र फक्त ‘स्पीच’ लिहिलेलं असतं, म्हणून लोक मूल तीन वर्षांचं होईपर्यंत तिकडे फिरकत नाहीत.

कुणी जायला हवं? एक फीड रोज पाऊण-एक तास चालत असेल, पिताना ठसका लागत असेल, दूध नाकातून येत असेल, पिऊन झाल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल, छातीत पुन्हा पुन्हा कफ किंवा न्यूमोनिया होत असेल, वजन हलत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगा आणि थेरपिस्टसाठी चिठ्ठी मागा. आधी बालरोगतज्ज्ञ, हा क्रम उलटा करू नका. पिताना कपाळाला घाम येणारं बाळ हृदयाचा दोष घेऊन आलेलं असू शकतं आणि त्यावर गाल धरण्याचा उपाय चालत नाही. पिताना ओठ निळे पडले, श्वास अडकला, तर कुठल्याही थेरपिस्टची अपॉइंटमेंट शोधत बसायचं नाही. सरळ हॉस्पिटल.

दुसरा गोंधळ स्तनपान सल्लागार आणि स्पीच थेरपिस्ट यांच्यातला. आईला दुखतंय, चिरा पडल्यात, दूध पुरत नाही असं वाटतंय, बाळ नीट धरत नाही, तर आधी स्तनपान सल्लागाराकडे जा. बऱ्याच प्रसूतिगृहांत त्यांचे वेगळे पैसेही लागत नाहीत. गिळताना गडबड दिसत असेल, बाळ नळीवरून तोंडाने पिण्याकडे येत असेल, टाळू दुभंगलेली असेल, डाउन सिंड्रोम किंवा मेंदूला इजा झालेली असेल, तर स्पीच थेरपिस्ट. काही ठिकाणी हेच काम ऑक्युपेशनल थेरपिस्टही करतात आणि चांगलं करतात. पाटीपेक्षा अनुभव बघा.

आता दर. पुढचे आकडे म्हणजे दरपत्रक नव्हे, विचारताना अंदाज असावा म्हणून देतेय. मुंबई-पुण्यात खाजगी क्लिनिकमध्ये पहिल्या तपासणीला साधारण हजार ते अडीच हजार, त्यानंतरच्या ४०-४५ मिनिटांच्या सेशनला ६०० ते १,५०० रुपये पडतात. जिल्ह्याच्या गावी सेशन ३०० ते ६०० मध्ये होतं. घरी बोलावलं तर जाण्यायेण्याचे वेगळे. मोठ्या हॉस्पिटलांत बाळ दाखल असतानाच थेरपिस्ट येऊन गेला तर ती रक्कम बिलात ‘कन्सल्टेशन’ म्हणून चढते आणि विम्यात बसण्याची शक्यता असते. घरी आल्यावर तोच माणूस ओपीडीत भेटला की खिशातून. म्हणून पेटीतून बाळ बाहेर यायच्या आधीच वॉर्डात विचारा, “आमच्या बाळाचं गिळणं कुणी बघितलं का?” एवढ्या एका प्रश्नाने दोन-तीन हजार वाचू शकतात.

फोनवर अपॉइंटमेंट घेताना मी तीन गोष्टी विचारते. नवजात अतिदक्षता विभागात काम केलंय का? बाळ पीत असताना बघणार का, म्हणजे त्याला भुकेलं आणू का? लेखी अहवाल मिळेल का? दुसऱ्या प्रश्नाला “नको, नुसतं घेऊन या, तोंडाचा मसाज शिकवते” असं उत्तर आलं तर मी फोन ठेवते. पिताना न बघता पिण्यावर उपचार सांगणारा माणूस कितीही स्वस्त असो, महागच पडतो. पदवी चार वर्षांची असते, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पण तेवढ्यात नवजात बाळं हाताळायला मिळतातच असं नाही. कित्येक चांगले थेरपिस्ट स्वतःच सांगतात, “मी मोठ्या मुलांचं बघते, बाळासाठी अमुक यांच्याकडे जा.” असं सांगणाऱ्याचा नंबर जपून ठेवावा, पुढे कामाला येतो.

नोंदणी तपासायला पैसे लागत नाहीत. वाचा आणि श्रवण तज्ज्ञांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंद करावी लागते आणि ती वेळोवेळी नव्याने करून घ्यावी लागते. नोंदणी क्रमांक पावतीवर किंवा भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर असतो. तो मागितल्यावर ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायचं कारण नाही.

काही तपासण्या आणि ‘प्रोसिजर’ अशा आहेत की जिथे पालक घाबरून पैसे मोजतात. सगळ्यात जास्त गाजतंय ते जीभ चिकटलेली असण्याचं प्रकरण. जिभेखालचा पडदा आखूड असतो, जीभ पुढे येत नाही. तो कापायचा का? अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२४ च्या अहवालानुसार, असा पडदा असलेल्या निम्म्याहून कमी बाळांनाच अंगावर पिताना अडचण येते. आईला वेदना होत असतील, पकड सुधारूनही बाळाला दूध ओढता येत नसेल, तर पडदा कापण्याचा उपयोग होतो आणि साध्या कात्रीने ते काही मिनिटांचं काम असतं. लेसरचं पॅकेज घेतलं की तोच पडदा कितीतरी पट महाग होतो. “आत्ता कापला नाही तर पुढे बोबडं बोलेल” असं सांगून कुणी घाई करत असेल, तर त्याला ठोस आधार नाही हे ध्यानात ठेवा. आधी पकड सुधारून बघायची, कापायचं नंतर.

दुसरी तपासणी गिळण्याच्या एक्स-रे चित्रफितीची. दुधात बेरियम मिसळून बाळाला पाजतात आणि घोट कुठे जातो ते पडद्यावर बघतात. ही मोठ्या हॉस्पिटलांतच होते, खर्च हजारांत जातो आणि किरणोत्सर्गही होतो. दूध फुप्फुसात जातंय अशी खरी शंका असेल तर ती टाळू नका. मात्र अहवाल आल्यावर उपचारात नेमका काय बदल होणार आहे, ते आधी विचारा. काहीच बदलणार नसेल तर थांबता येतं. ठसका लागतो म्हणून दूध घट्ट करायची पावडर किंवा तांदळाचं पीठ बाटलीत घालायचं, हा शेजारणीचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना काही घट्टकारक पावडरींनी गंभीर इजा होऊ शकते. ती पावडर डॉक्टरांनी सांगितली तरच द्यायची.

दुभंगलेला ओठ किंवा टाळू असलेल्या बाळाच्या बाबतीत खर्चाचं चित्र वेगळं आहे, आणि ते बऱ्याच कुटुंबांना उशिरा कळतं. नुसता ओठ दुभंगलेला असेल तर अंगावर पिणं बऱ्याचदा जमतं. टाळू दुभंगली की तोंडात ओढ तयार होत नाही, मग बाळाला उभं धरून हलक्या हाताने दाबायच्या मऊ बाटलीने किंवा पलाडीने पाजावं लागतं. आयात केलेली खास बाटली हजारांत जाते. ती विकत घेण्याआधी थेरपिस्टकडे पलाडीने चालतंय का ते पाहून घ्या. शस्त्रक्रिया स्माईल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलांत पूर्ण मोफत होते, ओठाची साधारण तीन महिन्यांच्या पुढे, टाळूची वर्षाच्या आसपास. टाळू शिवल्यावर बोलणं नाकातून येऊ नये म्हणून पुन्हा स्पीच थेरपी लागते. तीही तिथे मोफत आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

सहा महिन्यांनंतर उष्टावण होतं आणि अडचणींचं नवं पान उलगडतं. इथे दोष बहुतेक वेळा बाळाचा नसतो, मिक्सरचा असतो. पेज मिक्सरमधून, वरणभात मिक्सरमधून, केळंसुद्धा मिक्सरमधून. पोर दीड वर्षाचं होतं आणि भाताचं शीत जिभेवर लागलं की ओकतं. गुठळीचं, बोटांनी चुरलेलं अन्न नऊ-दहा महिन्यांपर्यंत सुरू झालं नाही तर पुढे खाण्याची कटकट वाढते. बाळाला उमासा येणं आणि घास अडकणं यांतला फरक थेरपिस्ट दाखवून देतो. उमाशाला आवाज असतो, चेहरा लाल होतो, बाळ स्वतः घास पुढे ढकलतं. अडकलं की आवाज बंद होतो. हा फरक कळलेली आई कमी घाबरते आणि घाबरत नसलेल्या आईच्या हातून मूल जास्त खातं. त्यासाठी बहुधा दोन-तीन भेटी पुरतात. मोबाईल दाखवत भरवण्याबद्दल थेरपिस्ट तुम्हाला बोलेलच. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, असं भारतीय बालरोग अकादमीही सांगते. बाळगुटीवर इथे वाद घालत नाही, पण वर्षाच्या आत मध चाटवू नका. त्यातल्या जंतूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. जीभ वळावी म्हणून वेखंड चोळण्याने बोलणंही लवकर येत नाही.

बोलण्याच्या काळजीसाठी जाणार असाल तर पहिला खर्च कानांवर करा. जन्मानंतर कानाची चाळणी महिन्याच्या आत, शंका असेल तर पक्की तपासणी तीन महिन्यांच्या आत आणि उपचार सहा महिन्यांच्या आत, हे वेळापत्रक जगभर पाळलं जातं. खाजगीत पहिल्या चाळणीला साधारण पाचशे ते हजार, पक्क्या तपासणीला, म्हणजे बेराला, दोन ते चार हजार लागतात. हे पैसे वाचवून सहा महिने स्पीच थेरपी केलेली घरं मी पाहिली आहेत. मुलाला ऐकूच येत नव्हतं.

मग बघायचं ते असं. नऊ-दहा महिन्यांत नावाला प्रतिसाद देतं का. वर्षाच्या सुमारास बोट करून काऊ दाखवतं का, टाटा करतं का. सव्वा-दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई दे’, ‘बाबा भुर्र’ असे दोन शब्द जुळत नाहीत, किंवा आलेले शब्द गळून पडले, तर थांबू नका. शब्द गळून पडले असतील तर त्याच आठवड्यात जा. “मुलगा आहे, उशिरा बोलेल, याचे बाबा पण चार वर्षांचे होईस्तोवर गप्पच होते,” हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की ते रेशन कार्डावर छापलेलं असावं. त्या बाबांच्या काळात कुणी तपासलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

या टप्प्यावर सेशन आठवड्यातून दोनदा सांगतात. सातशेच्या दराने महिन्याला ५,६०० होतात. रिक्षा आणि आईची अर्धी रजा त्यात धरलेली नाही. सहा महिन्यांचा हिशेब ३३ हजारांच्या पुढे जातो. हा आकडा झेपत नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि पंधरा दिवसांतून एकदा भेट, बाकी घरचा अभ्यास असं मागा. दोन वर्षांच्या पोराशी थेरपिस्ट आठवड्यातून दीड तास बोलणार, घरची माणसं दिवसभर. त्यामुळे पालकांना शिकवणारा थेरपिस्टच खरा परवडतो. सेशन चालू असताना पालकांना बाहेर बसवणारं क्लिनिक मला तरी पटत नाही. घरात मराठी बोलता तर मराठीच बोला. मुलाला बोलणं यावं म्हणून मोडकं इंग्रजी सुरू करायची गरज नाही.

पॅकेजबद्दल एक कडू अनुभव. आमच्याच नात्यात एका क्लिनिकने २४ सेशनचे १५ हजार आगाऊ घेतले. सहाव्या सेशनला थेरपिस्ट बदलली, नव्या मुलीकडे जुनी नोंद नव्हती, आणि महिनाभर पोराकडून शिट्ट्या वाजवून आणि फुगे फुगवून घेतले. फुंकण्याच्या व्यायामाने उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा नाही. पैसे परत मागितले तर ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणाले, पावतीवर मात्र तो शब्द नव्हता. म्हणून चार सेशनच्या पुढचे पैसे आगाऊ देऊ नका, पावती घ्या आणि परताव्याची अट लिहून घ्या. पैसे मोजून घेतलेली सेवा ग्राहक कायद्याखाली येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात दाव्याचं शुल्क लागत नाही.

आता कमी खर्चाच्या वाटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, जो २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्याखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण आणि वाचा तज्ज्ञ एका छताखाली, मोफत, अशी ती योजना. आशाताई जन्मानंतरच्या ४२ दिवसांत घरी फेऱ्या मारतात, त्यांच्याकडून किंवा अंगणवाडीतून तिथली चिठ्ठी मिळते. खरं दुखणं भरतीचं आहे. काही केंद्रांत थेरपिस्टची खुर्ची रिकामी असते किंवा तो आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतो. एसटीचं तिकीट काढण्याआधी फोन करा. राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत, मात्र वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला वाचा आणि श्रवणाची अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. नायर रुग्णालयात आणि पुण्यात भारती विद्यापीठात या विषयाची महाविद्यालयंच आहेत. अशा ठिकाणी विद्यार्थी बघतात, मागे प्राध्यापक उभे असतात. लोक विद्यार्थी म्हटल्यावर नाक मुरडतात. मला उलट वाटतं. खाजगीत पाऊण तासावर घड्याळ टांगलेलं असतं, इथे मुलगी तुमच्या बाळाचं वहीभर लिहून घेते आणि तिला गुण मिळायचे असतात. वेटिंग लांब असतं, तेवढं गृहीत धरा.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असं निदान झालं तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, हप्ता किरकोळ असतो, आणि त्यात थेरपीचीही मर्यादित रक्कम धरलेली असते. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. “पोराला शिक्का बसेल” म्हणून ते टाळणारी घरं वर्षाला हजारो रुपये सोडून देतात. हाच कागद जुन्या करप्रणालीत ७५ हजारांची, तीव्र अपंगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळवून देतो. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये ओपीडीची थेरपी बहुधा बसत नाही. ऑफिसच्या गटविम्यात ओपीडीचं कलम असेल तर नोंदणी क्रमांक असलेली पावती जपून ठेवा.

पहिल्या भेटीला जाताना डिस्चार्ज कार्ड, वजनाची नोंद, आणि घरी पाजतानाचा पाच मिनिटांचा मोबाईल व्हिडिओ घ्या. बाळ ज्यातून पितं ती बाटली, वाटी, चमचा, जे असेल ते पिशवीत टाका. आणि अपॉइंटमेंट पाजायच्या नेहमीच्या वेळेलाच घ्या. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सासूबाईंनी निघताना मायेने बाटलीभर पाजलं असतं, मी थोडक्यात थांबवलं. पोट भरलेलं बाळ क्लिनिकमध्ये पोचल्या पोचल्या झोपून जातं आणि तपासणीची फी मात्र पूर्ण लागते.